केबिनमध्ये वास नाही

सातव्या मजल्यावर लिफ्ट थांबली, उरायामाबाई आत आल्या आणि त्यांनी लगेच रुमाल नाकाला लावला. "इमारतीत कुठे काही गळतंय का हो? पेट्रोलचा वास मारतोय नुसता." मी मान उंचावून हुंगलं. काही नव्हतं. "हो, येतोय खरा," मी म्हणालो. का म्हणालो ठाऊक नाही; सकाळी सकाळी शेजाऱ्यांशी वाद नको म्हणून माणूस हो म्हणतो, तसंच. चौथ्या मजल्याच्या आसपास बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या जॅकेटकडे, आणि त्यांना हसू फुटलं. "अगंबाई, तुमच्याच अंगाला येतोय की, इसोगाइसान!" मग हसल्याबद्दल त्यांनी तीनदा माफी मागितली. खाली, सायकलींच्या छपराशी, आजूबाजूला कोणी नाही असं पाहून मी उजवी बाही नाकाशी धरली. काल संध्याकाळी विमानाच्या डाव्या टाकीत इंधन भरताना नळीचं तोंड उसळलं होतं आणि बाही कोपरापर्यंत भिजली होती. विमानाच्या पेट्रोलला निळा रंग घातलेला असतो. त्याचा फिका डाग बाहीवर दिसत होता. कापड नाकाला खरखरीत लागलं, थंड लागलं. बाकी काही नाही.

विमानतळ घरापासून सायकलनं वीस मिनिटांवर आहे. एरवी मी या रस्त्यानं कशाचाही विचार न करता जातो. त्या दिवशी हुंगत हुंगत गेलो. कोपऱ्यावरच्या बेकरीत पावाचे ट्रे बाहेर येत होते, वाफ दिसत होती, रांगेतल्या दोन बायका डोळे मिटून सुखावल्यासारख्या उभ्या होत्या. मी मुद्दाम सायकल थांबवून श्वास घेतला. पुढे पुलाखाली गटाराचं काम चाललं होतं आणि मजुरांनी तोंडाला पंचे बांधले होते, तिथंही थांबलो. दोन्ही ठिकाणची हवा मला एकसारखी लागली. सर्दी नव्हती, डोकं दुखत नव्हतं, नाक मोकळं होतं. श्वास छान आत जात होता, फक्त रिकाम्या हातानं जात होता. भीती वाटायला हवी होती. तेव्हा वाटली नाही. एखाद्या इंजिनाचा आवाज बदलला की मी जसा कान देऊन उभा राहतो, तसा स्वतःकडे बघत राहिलो, आणि मनात एकच प्रश्न घोळू लागला: केव्हापासून?

लोकांना वाटतं, मेकॅनिकचं काम हातांचं. मलाही वाटायचं. मी बावीस वर्षांचा असताना यागिनुमा नावाच्या म्हाताऱ्या उस्तादाच्या हाताखाली लागलो. त्यांनी पहिले तीन महिने मला पान्याला हात लावू दिला नाही. बरणीत तीन चिंध्या असायच्या, एक विमानाच्या पेट्रोलात बुडवलेली, एक रॉकेलमध्ये, एक साफ करायच्या सॉल्व्हंटमध्ये. मला भिंतीकडे तोंड करून उभं करायचे, मागून एक चिंधी नाकाजवळ आणायचे आणि विचारायचे, "ही कोण?" चुकलो की टपली. "डोळा फसतो," ते म्हणायचे, "कान तर जन्माचा थापाड्या. नाकाला खोटं बोलता येत नाही, गाढवा." वर्षभरात मी हँगरच्या दारातूनच सांगू लागलो, आतल्या सहा विमानांपैकी कुठलं गळतंय. मला कुत्रा म्हणायचे सगळे, आणि मला त्याचा अभिमान होता. आमच्या ओसाकात कुणी कुणाची स्तुती सरळ करत नाही. कुत्रा म्हणाले म्हणजे पुष्कळ झालं. मी आता एकोणसाठ वर्षांचा आहे. हा अभिमान मी सदतीस वर्षं पोसला, आणि खरं सांगायचं तर दुसरं काही पोसलं नाही.

हँगरमध्ये हिराबायाशी डॉक्टरांचं चार आसनी विमान उभं होतं. डॉक्टर गुराढोरांचे, आता निवृत्त. दुपारी एक वाजता ते बायकोला घेऊन समुद्रापलीकडे शिकोकूला जाणार होते. तिच्या बहिणीला म्हणे तिथं नातू झालाय. या विमानात वेगळी टाकी नसते, पंखाची पोकळीच टाकी असते. आतून प्रत्येक सांध्यावर आणि रिव्हेटवर रबरासारखा लेप लावलेला असतो, आणि तीसेक वर्षांनी तो लेप म्हाताऱ्याच्या टाचेसारखा भेगाळतो. दहा दिवसांपूर्वी डॉक्टरांना डाव्या पंखाखाली निळा डाग दिसला. मी टाकी रिकामी केली, दोन दिवस हवा खेळवली, झाकणं काढून कोपरापर्यंत हात आत घातला आणि जुना लेप लाकडी पट्टीनं खरवडला. लोखंडाची पट्टी चालत नाही, पत्र्यावर ओरखडा उठतो. मग दोन भागांचा नवा लेप, एक पांढरा, एक काळा, एकही रेघ दिसेनाशी होईपर्यंत घोटला आणि ब्रशनं बसवला. चार दिवस सुकू दिला. मला हे काम आवडतं. पंखाच्या आत आरसा आणि दिवा घालून माणूस तासन्‌तास एका अंधाऱ्या, स्वच्छ जागी असतो, आणि तिथं त्याच्याशी कोणी बोलत नाही.

काम झालं की तपासणीचा कागद. चौदा ओळी, आणि खाली तपासणाऱ्याचा शिक्का. आमच्याकडे नुसतं पाहून चालत नाही. जे तपासायचं त्याच्याकडे बोट दाखवायचं, त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं आणि "योशी!" म्हणायचं, म्हणजे ठीक. आगगाडीचा गार्ड सिग्नलला योशी म्हणतो, कारखान्यात बटणाला म्हणतात, माझी बायको चिझुरू घराबाहेर पडताना गॅसच्या शेगडीला म्हणते. बोट, डोळा आणि तोंड एका जागी आलं की चूक होत नाही, असं शिकवलेलं. होत नाही, हेही खरं. पण सदतीस वर्षं योशी म्हटल्यावर तोंडाला एक चाल लागते. पाढे म्हणताना एखादं पोर खिडकीबाहेर बघत असतं, तरी बारा सक बहात्तर बरोबर येतं ना, तसं. चौदावी ओळ अशी आहे: टाकी भरून, केबिनची दारं एक तास बंद ठेवून, मग दार उघडून, केबिनमध्ये इंधनाचा वास नाही. तिथं बोट दाखवायला काही नसतं. यागिनुमा उस्तादांनी मला आपल्या नाकाच्या शेंड्याला बोट लावायला शिकवलं होतं, आणि मी तसंच करत आलो. वास नाही, योशी.

सायकल लावताना माझ्या लक्षात आलं की ही ओळ मी किती तरी महिने खरी म्हणतोय. वास नव्हताच. एकाही विमानात नव्हता.

त्सुजिमोतो माझ्या आधी आला होता. गेली पंचवीस वर्षं माझा सहकारी, कामाला वाईट नाही पण ढिला. बूट ओढत चालतो. त्याची सगळ्यात वाईट खोड म्हणजे तयार झालेल्या विमानात जाऊन बसतो. मी शेवटची ओळ म्हणून ऑफिसात चहाला वळलो की हा आत शिरतो, दारं लावून घेतो आणि मागं डोकं टेकून डुलक्या काढतो. मी काचेतून कितीदा पाहिलंय. एकदा बोललोही होतो, "गिऱ्हाइकाच्या सीटवर लाळ गाळू नकोस." तेव्हा त्यानं नुसता हात हलवला. मार्च महिना असल्यामुळे त्यानं मोठा मास्क लावला होता, वर चष्मा, डोळे लाल. सीडरच्या झाडांचे पराग उडायला लागले की निम्मं शहर असंच दिसतं. "कसं आहे?" त्यानं विचारलं. "बरं आहे," मी म्हटलं. तो जरा वेळ तिथंच रेंगाळला, मग शिंकत निघून गेला.

मी केबिनची दारं लावून घेतली आणि मधल्या तासात पहिल्या तेरा ओळी सुरू केल्या. झाकणांचे स्क्रू, योशी. निचऱ्याची तोटी, योशी. पंखाखाली बोट फिरवलं, कोरडं, योशी. साबणाच्या पाण्याची चाचणी आधीच झाली होती. टाकीत हलकी हवा भरून बाहेरच्या प्रत्येक रिव्हेटवर फेस लावला होता, एकही बुडबुडा आला नव्हता. पण पंख जिथं केबिनला मिळतो त्या मुळाशी साबण नीट पोचत नाही. तिथलं गळणं बाहेर दिसत नाही, आत केबिनमध्ये उतरतं, पायांपाशी, आणि आधी नुसता वास येतो. पुढचं मग हवेत कळतं. म्हणून तर चौदावी ओळ आहे. मी त्या मुळाकडे बोट दाखवलं आणि आठवू लागलो, हा कोपरा घोटताना ब्रश नीट बसला होता का. त्या दिवशी मी म्हटलेलं योशी आठवलं, अगदी स्पष्ट, त्याचा पंखाच्या पोकळीतला घुमलेला आवाजसुद्धा. कोपरा मात्र आठवेना.

आणि मनात दुसरीकडे ती शोधाशोध चालूच होती. शेवटचा खरा वास कुठला? हिवाळ्यातल्या रॉकेलच्या शेगडीचा? ती मला दिसते, निळी ज्योत दिसते, वास येत नाही. ऑक्टोबरमध्ये गल्लीत मोकुसेइचं झाड फुलतं, सगळा मोहल्ला घमघमतो. चिझुरू म्हणाली होती, "फुललं वाटतं," आणि मी म्हणालो होतो, "हो ना, काय वास!" मी झाडाकडे पाहिलं होतं, केशरी फुलं होती, म्हणून म्हणालो. मग एकदम ते मडकं आठवलं. चिझुरूकडे तिच्या आईचं लोणच्याचं मडकं होतं. भाताच्या कोंड्यात मीठ घालून मुरवलेलं, त्यात काकडी, मुळा पुरून ठेवायचा. ते जिवंत असतं, रोज हात घालून वरखाली करावं लागतं आणि वासावरून त्याची तब्येत कळते. तिच्या आईनं पस्तीस वर्षं जपलं, मग हिनं. सप्टेंबरच्या सुरुवातीला चिझुरू दोन आठवडे बहिणीच्या दुखण्याला गेली आणि मडकं माझ्यावर सोपवून गेली. मी रोज न चुकता हात घातला. नियमानं, सकाळ-संध्याकाळ, बोट दाखवून, योशी म्हणून. ती परत आली ती दारातच थबकली. "हे काय? अहो, सडलंय सगळं! सगळ्या घरात घाण सुटलीये, तुम्हाला वास आला नाही?" "कोंड्याला थोडा वास असतोच की," मी म्हणालो. तिनं ते कचऱ्याच्या पिशवीत उपसलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं, बायका कशावरूनही रुसतात. एका मडक्यापायी. आता पंखाखाली उताणा पडल्या पडल्या मला तिचा तेव्हाचा पाठमोरा खांदा दिसला आणि सकाळी वाटली नव्हती ती भीती आत्ता वाटली. सप्टेंबरपासून मार्च. सात महिने. महिन्याला पाच-सहा विमानं. त्यांत बसलेली माणसं मला नावानिशी आठवत होती.

तास संपला. मी जॅकेट काढून बाकावर टाकलं, हात दोनदा धुतले, दार उघडलं आणि केबिनमध्ये डोकं घातलं. चामड्याच्या सीट, डॉक्टरांची टोपी, खणात लिंबाच्या गोळ्यांची पुडी. मी बोट नाकाच्या शेंड्याला लावलं. तोंड तयार होतं. "वास," मी म्हणालो आणि पुढचं येईना. खरं म्हणजे येत होतं, ओठांपर्यंत आलंच होतं. मी डोकं बाहेर काढलं. टाकीत हात घालण्याआधी हवा मोजायचं यंत्र आमच्याकडे आहे, ते आणून सीटवर ठेवलं. काटा शून्यावर. मला ठाऊक होतं तो शून्यावरच असणार. ते यंत्र माणूस गुदमरेल इतक्या वाफेवरच ओरडतं. तरी मी बराच वेळ त्या शून्याकडे पाहत उभा राहिलो. शून्य म्हणजे शून्य. कागद हातात होता, शिक्का खिशात होता. साडेअकरा वाजले होते. बोललो तर आज संध्याकाळपर्यंत शिक्का जाणार, उद्यापासून मी ऑफिसात फोन उचलणारा म्हातारा. नाही बोललो तर कदाचित काहीच होणार नाही. मी इतका वाईट कारागीर नाही. ही कदाचितची गोष्ट मी स्वतःला दोनदा सांगितली. मग डॉक्टरांच्या शेजारची सीट दिसली. बाईंसाठी त्यांनी त्यावर छोटी उशी बांधली होती.

"त्सुजिमोतो," मी हाक मारली. तो शेपटाशी काहीतरी पुसत होता. तिथं पुसण्यासारखं काही नव्हतं. "चौदावी माझ्याच्यानं होणार नाही."

"म्हणजे?"

"मला वास येत नाही."

"केबिनमध्ये?"

"कशातच नाही."

तो चमकला नाही. फडकं नीट घडी करून खिशात घातलं. "माहितीये," तो म्हणाला. "सप्टेंबरात सॉल्व्हंटचं पिंप उलटलं होतं बघ. सगळे बाहेर पळाले, आणि तू तिथंच बसून डब्यातला मासा खात होतास. तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? पंचवीस वर्षं ज्या नाकानं कांदे सोलतोस तेच गेलंय, असं सांगू? तुला?" त्यानं मान फिरवली. "तुझं झालं की मी बसायचो आत. दारं लावून, पंधरा मिनिटं."

"झोपायचास तू."

"त्या सीटवर कोण झोपतं रे? कंबर धरते. वास घेत बसायचो."

मला जमिनीवरचा एक स्क्रू दिसत होता, मी त्याच्याकडे पाहत होतो. "सगळ्यांत?"

"सगळ्यांत. दोनदा आला. एक जोड ढिला होता, एकाचं रबर गेलं होतं. केलं मी." त्यानं हे असं सांगितलं, जसं कोणी सांगावं की येताना तुझंही पत्र पेटीत टाकलं. माझी भीती उतरली आणि त्याच क्षणी मला इतकी लाज वाटली की कान गरम झाले. सात महिने हा माणूस माझ्यामागून माझं काम करत होता आणि मी त्याला लाळ गाळू नकोस म्हणालो होतो.

"मग बस आतासुद्धा," मी म्हटलं.

त्सुजिमोतोनं मास्क खाली ओढला. नाक सुजून टोमॅटोसारखं झालं होतं. "आज बसून काय उपयोग! चार दिवस झाले, मला करीचासुद्धा वास येत नाहीये. काल रात्रीपासून डोकं खाजवतोय, तुला कसं सांगू, कसं सांगू. शेवटी ठरवलं होतं, पराग उडतायत म्हणून सांगायचं डॉक्टरला, आणि विमान ठेवून घ्यायचं."

"परागांनी विमान थांबतं होय?"

"दुसरं सुचलं नाही रे!" आणि तो इतक्या जोरात शिंकला की पत्रा वाजला.

दोघांची मिळून बासष्ट वर्षांची नोकरी, आणि त्या भल्यामोठ्या हँगरमध्ये एक नाक नव्हतं. मी हसलो. त्यालाही हसू आलं. मग मी ऑफिसच्या दाराशी जाऊन वाकुईबाईंना बोलावलं. त्या आमचे फोन घेतात, कागद लावतात. अकरा वर्षांत त्या कधी विमानात बसलेल्या नाहीत. "मी? आणि यात?" त्या म्हणाल्या, "काही तुटलं बिटलं तर?" त्सुजिमोतोनं त्यांना हात देऊन पंखावर चढवलं. त्यांनी दारातच चपला काढल्या. आत बसल्या, आम्ही दार लावलं. काचेतून त्या दिसत होत्या, दोन्ही हात मांडीवर, परीक्षेला बसलेल्या मुलीसारख्या. मी घड्याळ पाहत नव्हतो. मला फक्त वाटत होतं, नाही म्हणाव्यात. शिक्का गेला तर गेला, पण काम चांगलं झालेलं असावं. इतकं तरी असावं.

दार उघडलं. "येतोय," वाकुईबाई म्हणाल्या. "फार नाही. खाली पायांशी, डाव्या बाजूला. वाकलं की येतो."

म्हणजे मुळाशीच. तोच कोपरा. त्सुजिमोतो मास्क वर चढवून डॉक्टरांना फोन करायला गेला. वाकुईबाई पंखावर बसून चपला घालू लागल्या.

"कसा आहे?" मी विचारलं.

"काय कसा?"

"वास. कसा येतोय ते सांगा ना जरा."

त्यांना वाटलं, मी कागदावर लिहिण्यासाठी विचारतोय. त्या विचार करू लागल्या. "पेट्रोलसारखाच, पण गोडसर. ऊन पडलेल्या गोणपाटासारखा काहीसा. कसं सांगू?" मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. "तुमच्यासारखा! तुम्ही सकाळी ऑफिसात आलात ना, की येतो, अगदी तस्सा. मी मान वर न करतासुद्धा म्हणते, आले इसोगाइसान."

त्या ऑफिसात गेल्यावर मी बाकावरचं जॅकेट उचललं आणि बाहीत तोंड खुपसलं. किती वेळ तसा उभा होतो कोण जाणे. मग शिक्का काढून त्सुजिमोतोच्या खणात ठेवला, चौदाव्या ओळीसमोर 'वास आहे' असं लिहिलं आणि टाकी रिकामी करायला पिंप ओढत आणलं.